वरची काडी

जिंतूरच्या तहसिलीत, अभिलेख कक्षात,
पंखा लावायचा तर आधी
कागदांवर विटा ठेवाव्या लागतात.
फसली तेराशे अडतीसची पहाणी
विटेखालून ओढून अखलाक मास्तर
भिंग डोळ्याशी नेतात, बराच वेळ गप्प,
मग म्हणतात, "मुन्शी जल्दी में था."

मुन्शी घाईत म्हणजे नुक्ते गायब.
नुक्ते गेले की बाबा, नाना, ताता
तिघांचं तोंड एकच.
टिंब खाली तर बाबा,
वर तर नाना,
वर दोन दिली तर ताता;
आणि मधे माशी बसून गेली असेल
तर कोण, ते त्या माशीला ठाऊक.
आमची बोरी एका पानावर नूरी आहे.
वाचून बरं वाटलं, खरं सांगतो.

पुढं संगणकावर उतरवणाऱ्या पोरानं
आपली भर घातली.
'वल्द' म्हणजे कुणाचा मुलगा, हे त्याला कोण सांगणार?
त्यानं ते आडनाव समजून
अर्ध्या गावाला वल्दे करून टाकलं.

मी मोटारी भरतो. रिवाइंडिंग.
जळालेल्या कॉइलचे वेढे
काळ्या तारेवर नख ठेवून मोजायची सवय आहे मला.
चार सोमवार दुकानाला कुलूप घालून
मी एक बाई मोजत बसलोय.

चुलता म्हणाला, आजाला बहीणच नव्हती.
वंशावळीच्या कागदावर तिच्यासाठी
रिकामी रेघसुद्धा नाही.
पण आई एकदा बैलगाडीत बोलून गेली होती,
"गंगूच्या चिंचंखाली थांबवा जरा,"
आणि चुलत्यानं बैलांना उगीच चाबूक मारला होता.

म्हणून वहीत लिहून नेलं:
गंगू, गंगी, गंगाबाई, गेनू, गंगाई.
यादी करून शोधलं. एकही नाही.
मास्तर म्हणाले, नाव सोडा.
नाव चुकतं. बांध सांगा.

उगवतीला ओढा.
मावळतीला पिराजीचं रान
(संगणकात पराजी. असू द्या.)
दक्षिणेला गाडीवाट.
शेजारी कुठं जात नाहीत हो,
ते आपापल्या ओळीत बसून असतात.
त्यांच्या मधोमध, सर्व्हे नंबर बेचाळीस,
झाडं: चिंच, एक.
कब्जेदार...

मास्तर थांबले.
"कुंकू," ते म्हणाले. "कुंकू, बेवा."

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
हे असलं नाव, आणि लगेच पुढं बेवा,
एकाच शाईत, एकाच दमात.
कोणत्या आईबापानं ठेवलं असेल, मी म्हणालो.
"नै," मास्तर म्हणाले, "नै नै. ठहरो."

खिशातून काडेपेटी काढली.
"मास्तर, इथं बिडी नाही," कारकून तिकडून.
मास्तरांनी एक काडी
पहिल्या अक्षराच्या माथ्यावर तिरपी ठेवली.
"ये काफ था. अब गाफ."
दुसरी काडी, पुढच्या काफावर.
भिंग माझ्या हातात दिलं,
जणू मला वाचता येतं.

गंगू.

कारकून म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज करा,
तिच्या वारसाचा दाखला जोडा.
वारसाचा दाखला चुलत्याच्या सहीनं मिळतो.
मी मान हलवली. वहीत काही लिहिलं नाही.

मुन्शीनं दोन काड्या गाळल्या.
घाईत होता, पगार थोडा असेल, कंदील धुरकट असेल.
आमच्या घरात तर भरपूर उजेड होता.

मास्तरांनी काड्या उचलल्या.
ती पुन्हा कुंकू झाली, कागद पुन्हा विटेखाली गेला.
बाहेर लिंबाखाली त्यांनी बिडी पेटवली,
त्यातल्याच एका काडीनं,
आणि विचारलं,
"चिंच अब भी है क्या उधर?"